उत्तमभाऊंची सही

शेगाव,
११ एप्रिल १९७१

प्रिय अक्का,

पाकीट पाहून दचकू नकोस. घरी सगळे खुशाल आहेत. आबांचा खोकला थांबला, तुझी भावजय आशाही बरी आहे. एरवी आपलं पोस्टकार्ड असतं आणि तुमच्या रोहिणखेडचा पोस्टमन ते ओट्यावर बसून मोठ्यानं वाचून दाखवतो, हे मला माहीत आहे. आबांच्या खोकल्याची बातमी मागे तुझ्याआधी तुमच्या गल्लीला कळली होती. म्हणून या खेपेला पाकीट. हे तू एकटीनं वाच. मशिदीकडच्या विहिरीवर जाशील तेव्हा पदराला बांधून ने आणि तिथं सावलीत बसून वाच. जरा लांबणार आहे.

गाडी घेतली, एवढं तुला कार्डावर कळवलं होतंच. काळी अँबॅसिडर आहे. खामगावच्या एका सरकीच्या व्यापाऱ्याची होती, जुनी आहे पण अंग धड आहे. टॅक्सीचं परमिट मिळालं, आणि आता मी स्टेशनवर माझ्या स्वतःच्या गाडीला टेकून उभा असतो. मेल आली की जुन्या सवयीनं माझे डोळे अजून टांग्यांच्या रांगेकडे जातात. आबांचा टांगा तिथं तिसरा नाहीतर चौथा असायचा, आणि मागच्या बाजूला आपण दोघं पाय सोडून बसलेले. माय गेल्यावर तू मला घरी एकट्याला कधी ठेवलंच नाहीस. खानदेशातली माणसं दर्शनाला उतरली की तू त्यांच्या बायकांशी अशी बोलायचीस की जणू त्या तुझ्या मावश्याच आहेत, आणि उतरताना त्या तुझ्या हातावर केळं ठेवायच्या. ते केळं तू मला द्यायचीस आणि सालीला चिकटलेलं स्वतः खायचीस. तेव्हा मला वाटायचं, तुला केळं आवडतच नाही. घोडीच्या आयाळीची तू वेणी घालायचीस, ते आबांना चालायचं नाही. 'जनावराले नवरी करतं का वं?' म्हणून ओरडायचे, आणि ती वेणी दोन-दोन दिवस सोडायचे नाहीत.

आणि मोटरीवरचा त्यांचा राग आठवतो? त्या शेटजीची पहिली मोटर स्टेशनवर आली, तेव्हा आबांनी घोडीचं तोंड दुसरीकडे वळवलं होतं. 'ह्या डब्ब्यानं माह्या जनावराच्या तोंडचा घास नेला,' हे वाक्य आपण रोज ऐकलं. तू एकदाच म्हणालीस, आबा, एकवार बसून तर पाहू मोटरीत, कसं वाटतं ते. त्या दिवशी ते जेवले नाहीत. तू पुन्हा कधी म्हणाली नाहीस.

अक्का, आता जे लिहितो आहे ते आपण बारा वर्षांत एकमेकांशी बोललो नाही. उत्तमभाऊंचं सायकलीचं दुकान टांगा स्टँडला लागूनच होतं. ते अकोल्याला जाऊन मोटरीचं काम शिकून आले आणि त्यांची माय तुझ्यासाठी शब्द टाकायला आपल्या घरी आली. मी दारातच होतो. आबा म्हणाले, 'मोटरवाल्याच्या घरी पोरगी देऊ? त्यापरीस टांगा जाळीन.' तू आत भाकरी थापत होतीस. तुझा हात थांबला नाही. तुला कोणी विचारलं नाही. त्याच उन्हाळ्यात रोहिणखेडचं स्थळ आलं, जमीन होती, विहीर होती. दाजी मनानं सोन्यासारखे होते, त्यात खोट काढायला जागा नाही. देवानं त्यांना इतक्या लवकर नेलं, त्याला कोण काय करणार. उत्तमभाऊंचंही नंतर लग्न झालं, आणि तिसऱ्या वर्षी वहिनी बाळंतपणात बाळासकट गेली. मी तुला ते कळवलं, तेव्हा तुझ्या कार्डात 'फार वाईट झालं' एवढंच होतं. त्या ओळीखाली अर्धं कार्ड कोरं होतं.

बरं, आता कर्जाची हकीकत ऐक, कारण ती कार्डावर लिहिण्यासारखी नव्हती. मी जिनिंगच्या ट्रकवर होतो, हे तुला माहीतच आहे. सरकारनं बँका आपल्या हातात घेतल्यापासून खामगावात बोलणं सुरू झालं की आता शिंप्याला, डायव्हरला, कोणालाही कर्ज मिळतं. मला वाटलं, बोलणंच असेल. आशा म्हणाली, 'इचारून पाहाले काय जाते? नाई म्हनतीन, अजून काय!' म्हणून गेलो. मॅनेजर साहेब तरुणच होते, वर्धेकडचे. मला म्हणाले, तारण काय देता? मी म्हटलं, साहेब, एक टांगा हाये अन् घोडी हाये. ते हसले नाहीत. म्हणाले, 'घोडी मी कुठं बांधू? आमच्या तिजोरीत चारा नाही.' मग मीच हसलो. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. गाडी जुनी आहे, तेव्हा जाणत्या मिस्त्रीनं ती तपासून तसं लिहून द्यावं, आणि स्वतःच्या नावावर घर असलेला एक माणूस जामीन राहावा.

जामिनाला जानरावकाका तयार झाले. मिस्त्रीचं म्हणशील तर आपल्या भागात ज्याच्या शब्दावर माणूस डोळे मिटून गाडी घेईल असा एकच आहे. स्टेशन रोडवर आता त्यांचं मोठं गॅरेज आहे. रस्त्यात भेटलो तर रामराम व्हायचा, पण आमच्या घरात त्यांचं नाव कोणी घेत नव्हतं. मी दोनदा गॅरेजवरून पुढे निघून गेलो आणि तिसऱ्या वेळी आत शिरलो. त्यांनी काही विचारलं नाही, हात पुसले आणि माझ्यासोबत खामगावच्या एसटीत बसले. तिथं गाडीखाली कितीतरी वेळ पडून होते. बाहेर आले आणि व्यापाऱ्यासमोरच म्हणाले, 'इंजिन सोनं हाये. गिअरबॉक्स मातर रडून राह्यला. इंदर, भाव पाड.' व्यापाऱ्यानं भाव पाडला.

कागद व्हायच्या दिवशी मी आणि उत्तमभाऊ बँकेत वेळेवर पोचलो. साहेबांना गाडीचं काही विचारायचं असेल म्हणून ते आले होते, नाहीतर त्यांना यायची गरज नव्हती. जानरावकाकांची वाट पाहत बसलो. दुपार झाली तेव्हा त्यांच्या गड्यासोबत निरोप आला, की मालकाच्या पोटात कळ आली आहे, आणि काकूनं कोणालाही जामीन न राहण्याची शपथ घातली आहे. कळ आधी आली की शपथ, हे काही त्याला सांगता आलं नाही. साहेबांना खरंच वाईट वाटलं. म्हणाले, दुसरा माणूस आणा, पुढच्या महिन्यात पाहू. पण व्यापारी तोपर्यंत थांबणार नव्हता. त्याच्याकडे दुसरं गिऱ्हाईक आलं होतं. मी कागद गोळा करायला लागलो. 

तेवढ्यात बाकावरून आवाज आला, 'साहेब, माही सही चालते का?' साहेबांनी विचारलं, घर आहे? 'दोन खोल्या अन् गॅरेज. माह्याच नावावर हाये.' मग साहेब म्हणाले, 'यांचं तुमचं नातं काय?' उत्तमभाऊ भिंतीवरच्या पंख्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, 'गाडी म्या तपासली, साहेब. बिघडली तं दुरुस्तही म्याच करीन. माह्यावून पक्का जामीन ह्याले कोन भेटन?' नात्याचं उत्तर त्यांनी दिलंच नाही, आणि साहेबांनीही पुन्हा विचारलं नाही. कर्ज मंजूर झालं. बाहेर येऊन मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर ते मागे सरकले. म्हणाले, 'उठ बे. मोटरीत बसनारा मानूस रस्त्यात वाकते का?'

खरी भीती मला आबांची होती. घरी आलो तेव्हा ते घोडीला खरारा करत होते. टांगा आता जुंपत नाहीत, पण तिचं सगळं करतात. मी सगळं सांगितलं, जानरावकाकांचं आणि मग सहीचं. खरारा चालूच राहिला.  दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा, आणि हातात काठी. मला म्हणाले, 'चाल. तुह्या मिस्त्रीकडे जाऊ.' गॅरेजमध्ये उत्तमभाऊंनी स्टूल पुसून दिलं, पण आबा बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, 'उत्तम, म्या तुले पोरगी नाई देल्ली, अन् तू माह्या पोराले सही देल्ली. काऊन?' गॅरेजमधली सगळी माणसं काम थांबवून पाहत होती. उत्तमभाऊ म्हणाले, 'सही इंजिनाले देल्ली, आबा. तुमाले नाई.' मला वाटलं, आता काठी उठते. पण आबांना हसू आलं, आणि हसता हसता खोकला लागला, आणि मग ते त्या स्टुलावर बसले. चहा आला. दोघांनी घेतला. आम्ही निघताना उत्तमभाऊ माझ्याकडे न पाहता आबांना म्हणाले, 'अन्नपूर्णा कशी हाये?' आबा म्हणाले, 'हाये. शेती सांभाळते. सासूले सांभाळते.' आणि काठी उचलत, 'तिले कोन सांभाळते, ते म्या कधी इचारलं नाई.'

आबांची गाडीतली पहिली फेरी तू पाहायला हवी होतीस. पुढच्या सीटवर बसले, आणि पहिल्या वळणाला त्यांचे दोन्ही हात आपोआप लगाम ओढल्यासारखे मागे आले. नाल्याच्या चढावर 'चाल राणी, चाल' म्हणाले आणि मग माझ्याकडे पाहून ओशाळले. रामनवमीच्या गर्दीत त्यांची जुनी गिऱ्हाइकं मला हुडकत आली. 'उकंडरावाचा पोरगा तूच का?' असं विचारून गाडीत बसली, आणि एक जळगाव जामोदची म्हातारी तर सारखी विचारत होती, तुह्या टांग्यात एक वेनीफनीवाली पोरगी बसे, ते कुठी देल्ली बापू?

आता पत्र का लिहिलं ते सांगतो. रामनवमी झाल्यावर गाडी ब्रेकसाठी उत्तमभाऊंकडे नेली होती. काम झालं तरी ते चावी देईनात. मग म्हणाले, 'इंदर, एक बोलतो. राग आला तं हा पाना घे अन् मार. अन्नपूर्णाचा अन् माहा पाट लावता येईन का, हे इचाराचं होतं.' मी म्हटलं, आबांना विचारतो. आबांना सांगितलं. ते दिवसभर घोडीजवळ बसून होते. आपल्यात पाट लावून दुसरी लग्नं होतात, ते काही नवं नाही, जातीचा प्रश्न नाही, पण मला वाटलं, जुनं काही निघेल. संध्याकाळी आत आले आणि म्हणाले, 'मले काऊन इचारतं? तिले इचार. मागच्या खेपेस म्या नाई इचारलं.' तुझ्या सासूचा, सुभद्रामायचा विचार तुझ्या मनात सगळ्यात आधी येईल, हे उत्तमभाऊंना न सांगता कळलं होतं. ते म्हणाले, तिचा पोरगा गेला, आता सूनही नेली असं होऊ नये. घरात दोन खोल्या आहेत आणि दोन्ही रिकाम्याच आहेत. म्हातारी सोबत आली तर तिची बाज आधी टाकू, आणि तिला गाव सोडवलं नाही तर दर महिन्याला तुला तिच्याकडे आणून सोडू. तिला हे कसं सांगायचं, सांगायचं की नाही, ते तू ठरव. आखाजीच्या सणाला मी गाडी घेऊन येतो. आखाजीला लेक माहेरी येतेच, तेव्हा गावाला काही सांगावं लागणार नाही. तू पुढे माझ्याजवळ बस. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण, आंबे खा, चार दिवस राहा, मी तुला परत पोचवून देईन, आणि पुन्हा ही गोष्ट आपल्या घरात कोणी काढणार नाही. उत्तर कागदावर लिहू नकोस, वाटेत मला सांग. आबा सोबत येणार नाहीत. त्यांना गाडीची एवढी हौस झाली आहे, तरी म्हणतात, 'म्या नाई येत. म्या समोर असलो तं पोरगी माह्या तोंडाकडे पाहून हो म्हनन.'

तुझाच,
इंदर