घाबरू नका

ताई,

आज ऑफिसात मी तेच वाक्य पुन्हा टाइप केलं, "जिना चढलो की जीव घाबरा होतो."

आमच्या कंपनीच्या आरोग्य-सल्ला देणाऱ्या मशीननं लगेच उत्तर दिलं, "घाबरू नका. मन शांत ठेवा." मी छातीबद्दल बोलत होतो, त्याला वाटलं मला कशाची तरी भीती वाटतेय. त्याला मराठी शिकवणाऱ्यांत मीही आहे.

शेजारचा मित्र स्क्रीनमध्ये डोकावला.

"टेस्ट का रे?"

"टेस्टच."

"मग घाम कशाला खराखुरा गाळतोयस?"

मी हसलो. चूक नोंदवायची तर ती कशी सापडली हेही सांगावं लागेल. आमचे साहेब आजारपणाच्या रजेवर गेले, तेव्हा त्यांचं काम मशीनकडे गेलं. ते परत आले तेव्हा त्यांच्या टेबलावर प्रिंटर होता. त्यामुळे ऑफिसात मी ठणठणीत आहे.

तुलाही तेच कळवतो. तू नर्स, आवाजावरून ओळखशील, म्हणून हल्ली फोन टाळून मेसेज करतो. हे पत्रही बहुधा पाठवणार नाही. डाव्या हाताला मुंग्या येतात, हे मी मशीनलाही सांगितलेलं नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालतानाच धाप लागली. तुला फोन केला आणि म्हणालो, "ताई, जीव घाबरा होतोय." घाबरू नकोस, असं तू म्हणाली नाहीस. "आहेस तिथेच बस. आधी दाराची कडी काढ. अँब्युलन्स पाठवतेय," म्हणालीस. मी कडी काढली.