छताला टांगलेल्या सायकलीची व्यवस्था

दि. १८ जानेवारी २०१५, रविवार. आज सकाळी जुन्या रेसिंग सायकलींची फेरी गिरगाव चौपाटीवरून निघून लालबागमार्गे दादरला गेली. माझी पुतणी मालन तीत होती. मी लालबागच्या पुलाखाली उभी राहून पाहिले. घरी आले, पेज जेवले आणि लिहायला बसले.

मी, दुर्गा महादेव परब, वय ६९, शाळेतून निवृत्त झालेली लिपिक, राहणार लालबाग. माझे डोके ठिकाणावर आहे आणि हे कोणी माझ्याकडून लिहून घेतलेले नाही. माझ्यामागे माझ्या वस्तूंचे पुढीलप्रमाणे व्हावे.

१. माझ्या नावावरची राहती खोली व बँकेतील ठेव दीर बाबुराव यांची मुले जगदीश व मालन यांना सारखी वाटून द्यावी. दिवस साधेपणाने करावेत, जेवणावळ नको.

२. यजमानांचे मनगटी घड्याळ बाबुरावभाऊजींना द्यावे. गिरणीच्या संपात ते यजमानांना म्हणाले होते, "दादा, पोटाला नाही आणि रेसची सायकल कशाला पोसतोस?" यजमानांनी तिला कॅरिअर बसवला आणि संपभर घरोघरी पाव पोचवले. भाऊजींच्या घरीही, बिनपैशाचे. त्या पावांचा विषय भाऊजींनी कधी काढला नाही. मीही काढला नाही, तो इथे काढते आणि संपवते.

३. सायकल. यजमान १९९१ साली गेले, तेव्हा मी ती दोरीने छताच्या कडीला टांगली. दर दसऱ्याला हार घातला, चेनला खोबरेल लावले, पण कोणाला हात लावू दिला नाही. जगदीशने ऑफिसच्या भिंतीसाठी मागितली होती. "अँटिक पीस आहे काकी, नुसती लटकवायची." लटकलेली ती माझ्याकडेही होतीच.

मालन या फेरीसाठी सायकल शोधत होती. गिअरच्या दांड्या फ्रेमच्या तिरक्या नळीवर हव्यात, पेडलला पट्टे हवेत, असा नियम. रे रोडला पाहिलेली दिसायला छान, पण तिचे पाय जमिनीला टेकेनात. दुसरीचे गिअर नवे निघाले. रोज येऊन मला सांगायची आणि चुकूनही वर पाहायची नाही. त्यावरून मी समजले. स्टूल मीच लावले.

ती दांडीवरून पाय टाकून उभी राहिली. सायकल अगदी तिच्या मापाची निघाली. यजमान तिच्याएवढेच होते, हे मी विसरले होते.

पण पेडल हलेना. खोबरेल साचून चेन आखडली होती. मला वाटले, जपता जपता मीच ती घालवली. मालन म्हणाली, "काकी, ही चेन आहे की तुझी वेणी?" आणि चेन रॉकेलमध्ये बुडवली. संध्याकाळी तिने मागचे चाक फिरवून सोडले. टकटक आवाज आला. यजमान घरी येताना तो गॅलरीच्या टोकाला ऐकू आला की मी भात टाकत असे. आता तो मला सहन होणार नाही, असे इतकी वर्षे वाटत होते. झाला.

सबब सायकल व पान्यांची पेटी मालनला द्यावी. तिने चालवावी, सुटे भाग बदलावेत, कॅरिअर ठेवायचा की काढायचा तेही ठरवावे. दसऱ्याला हार चालेल, खोबरेल नको. पुन्हा टांगू नये, एवढीच अट.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला व वाचून सही केली.

दुर्गा महादेव परब

साक्षीदार (शेजारी): शांती लहू सावंत, रामजी गावडे

मुक्काम लालबाग, मुंबई. तारीख वरीलप्रमाणे.

साक्षीदार चहा घेऊन गेले. छताला अजून लोंबत असलेली दोरी मी सोडली, धुतली आणि कपडे वाळत घालायला गॅलरीत बांधली.