पाखऱ्याचं आवतन

परभणी, पोळ्याच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ, २००३

आज परत संगणकावर तोच व्हिडिओ गेम. पकडलेले प्राणी झुंजवायचे, त्यांच्याच पाठीवर बसून समुद्र ओलांडायचा. माझ्या प्राण्याला मी पाखऱ्या नाव का दिलं? आमचा पाखऱ्या बैल तर गावी, पोखर्णीच्या विहिरीत बुडून मेला.

भर समुद्रात एक खेळाडू आडवा आला, त्यानं आपला प्राणी आमच्यावर सोडला. आम्ही हरलो. पाखऱ्या पाण्याखाली गेला. परत.

गावी आता बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळून आवतन देत असतील. मी पडद्यावर तळहात ठेवला, म्हणालो, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

"कुणाला बोलवायलाव?" बायको दारात उभी.

काचेवरच्या विजेनं तळहात शहारला होता. हात लावला की पाखऱ्याची कातडी अशीच थरथरायची.