पाखरीला पळवू नये

थेरगाव,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. शेखर यास,

अनेक आशीर्वाद. वयाने मोठी असल्यामुळे ते देणे मला भाग आहे. त्यांचा अर्थ क्षमा असा लावू नकोस. तुझे फोन मी उचलत नाही, कारण फोनवर तू समोरच्याचे वाक्य पूर्ण होऊ देत नाहीस. कागदावर तुला ती सोय नाही.

पाखरी जिवंत आहे. हे आधी सांगते, म्हणजे पुढचे नीट वाचशील.

तुझा निरोप पोहोचला: "कुत्री माझी हाय, आत्या. माझ्या कुत्रीला मी घटकाभर नेली तर गुन्हा काय?" मालकी मला मान्य आहे. परंतु मालकीवरून एवढेच सिद्ध होते, की नुकसान तुझे झाले. ते करण्याचा अधिकार त्यातून निघत नाही.

दुसरे म्हणणे असे, की आजार निघून गेला होता. हे तुला कोणी सांगितले? डासाच्या चाव्यातून शिरलेले जंत तिच्या हृदयात वीतभर वाढले होते आणि रक्ताची वाट अडली होती. डॉ. तनुजा यांनी तिच्या मानेची शीर उघडून, लांब चिमट्याने, एकही तुटू न देता ते ओढून काढले. बाहेर येऊन त्या तुलाच म्हणाल्या, "चिमट्यात आले तेवढे काढले. फुफ्फुसाकडचे अजून आहेत, ते पुढे इंजेक्शनांनी मारायचे. तोवर पळणं बंद. बांधूनच ठेवा." तू मान हलवलीस. मोशीच्या घरी बैलांचा आणि माणसांचा राबता, म्हणून विश्रांतीसाठी तिला माझ्याकडे ठेवायचे, हेही तूच सुचवलेस.

आणि रविवारी आलास. "पोरींना नुसती दाखवून आणतो." मी साखळी तुझ्या हातात दिली.

तू तिला बैलगाडा शर्यतीच्या घाटावर नेलीस. का, तर पाखरी पुढे धावल्याखेरीज तुझी नवी बैलजोडी सरळ सुटत नाही, आणि यात्रा तोंडावर आली आहे. तुझ्या गाड्याचे भागीदार बबनराव म्हणाले, "जंत काढलं म्हंजी सर्व्हिसिंग झालेली गाडी हाय ती. आता पळवायची न्हाई तर काय पुजायची?" सगळे हसले म्हणे. सर्व्हिसिंग झालेल्या गाडीच्या तोंडातून रक्त येत नाही, शेखर. पाखरी अर्ध्या घाटात कोसळली. आत राहिलेला एखादा जंत त्या धावण्याने फुफ्फुसात जाऊन अडकला असावा, असे तनुजा म्हणतात.

"माझा हेतू वाईट न्हवता," हे तिसरे. हेतूचा विचार शिक्षा ठरवताना होतो. फुफ्फुस तो करत नाही.

आता तिची प्रकृती. प्राणवायूची नळी काढली आहे, काल तिला घरी आणले. धाप कमी आहे. कूस बदलते. पाणी पिते.

खात नाही.

दूधभाकरी कुस्करून दिली, तोंड फिरवले. अंडे दिले. आज तर माझ्या स्वयंपाकघरात जन्मात प्रथमच कोंबडी शिजली, शेजारच्या गोजाबाई दारातून म्हणाल्या, "वकिलीणबाई, सोवळं सुटलं वाटतं." त्या कोंबडीकडे पाखरीने पाहिलेसुद्धा नाही. तनुजा म्हणाल्या, "आजी, अशी उपाशी राहिली तर ती इंजेक्शनांपर्यंत पोहोचायची नाही. एरवी कोणाच्या हातचं खाते?"

आयुष्यभर साक्षीदारांकडून उत्तरे वदवून घेतली, आणि हे एक माझ्या तोंडून निघेना.

तेव्हा ये. माझे मत बदललेले नाही. तिची भूक माझे मत विचारत नाही, एवढेच. पिकअप डांगे चौकात लावून चालत ये. गाडीचा आवाज ऐकला तर पाखरी उठेल, आणि तिने उठायचे नाही. दारातून हाक मारू नकोस. आत येऊन तिच्याशेजारी जमिनीवर बस आणि घास पुढे कर. तिने शेपटी हलवली तरी तिला उभी राहू देऊ नकोस.

मी तेवढा वेळ आतल्या खोलीत असेन. तुझ्या हातून ती खाताना मला पाहायचे नाही. खाल्ले, एवढे मात्र जाताना सांगून जा.

हे पत्र रिक्षावाल्या नवनाथबरोबर पाठवत आहे. वाचताच निघ.

राग कायम ठेवून,
तुझी आत्या,
कुसुम