कढत पाण्यातली तबकडी

ब्रॉन्क्स, न्यू यॉर्क
१४ मार्च १९८७

प्रिय अलोन्झो,

तुझं पत्र पोचलं. इथे सगळे ठीक. आईचा गुडघा ठणकतो, तरी चर्चच्या पायऱ्या चढताना कुणाला हात लावू देत नाही. तिकडे कॅरोलायनात बस चालवताना तू अजून स्टिअरिंगवर ठेका धरतोस का?

तू लिहिलंस, 'ईस्टरला येऊन माझ्या रेकॉर्डची खोकी नेतो. गाण्यांचे तुकडे उचलून बटणावर वाजवणाऱ्या तुझ्या त्या सॅम्पलर यंत्राला त्यांतली एकही दाखवू नकोस. बटणं दाबणं म्हणजे संगीत नव्हे.' ड्रम मशीन आलं तेव्हाही तू हेच म्हणाला होतास. आणि तू पार्कात एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आलटून पालटून फिरवत ड्रमचा तुकडा लांबवायचास, तेव्हा बाबा काय म्हणायचे? "दुसऱ्यांची गाणी खरवडतोय कार्टा." तू त्यांचं ऐकलंस? मग मीही तुझं ऐकणार नाही.

निळ्या पाकिटातल्या तबकडीबद्दल मात्र सांगायला हवं. नऊ वर्षं टाळलं.

पार्कात तबकड्या वाजवणाऱ्या दुसऱ्या पोरांना गाण्याचं नाव कळू नये म्हणून तू माझ्याकडून लेबलं भिजवून काढून घ्यायचास. मी चौदाची होते. कोमट पाणी घे, असं तू बजावलं होतंस. त्या दिवशी मला घाई होती, मी कढत घेतलं. तबकडी वाकली. मी ती पलंगाखाली सरकवून दिली.

जोडीतली एक गेली आणि तुझा सगळ्यात गाजलेला तुकडा बंद पडला. तू खोकी वाहणाऱ्या विनफिल्डला भर पार्कात चोर म्हणालास. मी तिथेच उभी होते. काही बोलले नाही. तो पुन्हा आपल्या दारी आला नाही. मला लाज वाटते, ती याची. यंत्राची नाही.

गेल्या महिन्यात मी त्याच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अजून वाजते का ती?"

वाजते. वाकलेल्या जागी सुई वरखाली होते आणि ड्रम जरा लंगडतो. तेवढे चार सेकंद आम्ही दोघांनी सॅम्पलरमध्ये घेतले. स्टुडिओचा मालक म्हणाला, "बाई, ठेका सरळ कर." मी म्हटलं, "नाही करणार. तो असाच चालतो."

ईस्टरला ये. माझ्यावर हवा तेवढा ओरड, ते माझं देणं आहे. पण आधी विनफिल्डचे चार जिने चढ आणि त्याच्यासमोर उभा राहा. तोवर खोक्यांना हात लावू देणार नाही. कुलपाची किल्ली माझ्या गळ्यात आहे.

सोबत त्या ठेक्यावर केलेल्या गाण्याच्या तबकडीची पहिली प्रत पाठवतेय. लेबलवर तिघांची नावं आहेत, विनफिल्डचं सगळ्यात वर. हे लेबल कुणी भिजवायचं नाही.

तबकडी वाकवणारी,
तुझीच बहीण
व्हर्लीन