बरणीतली बी

२० जून १९४३

माझा भाऊ अण्णा निपाणीहून येऊन गेला. तंबाखूच्या सौद्यासाठी बेंगळूरला गेला होता, तिथून दोन फळं आणली. हिरवी, खडबडीत, मोठ्या पेरूएवढी. 'बटरफ्रूट म्हणतात, साहेबलोक पावाला लावून खातात' — एवढं सांगून मोकळा! कसं खायचं ते त्यालाही ठाऊक नाही. फळं दगडासारखी घट्ट, म्हणून सासूबाईंनी एक चिरून फोडणीला टाकलं. इतकी कडू भाजी मी जन्मात खाल्ली नव्हती. 'भावाला म्हणावं, पुढच्या खेपेला केळी आण,' म्हणाल्या.

२७ जून

दुसरं फळ तांदळाच्या डब्यात ठेवून विसरले होते. आज तांदूळ काढताना हाताला मऊ लागलं. साल बोटानंच निघाली. आत पिवळट गर, खरंच लोण्यासारखा. साखर घालून खाल्ला. सासूबाईंनी एक चमचा चाखून वाटी पुढं सरकवली. 'चव न्हाय, वास न्हाय, नुसतं बुळबुळीत.' मला आवडला. नसता आवडला तरी आवडला म्हटलं असतं, माहेरचं फळ!

बी मात्र बघण्यासारखी. लिंबाएवढी, तपकिरी, एका बाजूला टोक. शेजारच्या नागुबाई म्हणाल्या, 'सहाणेवर उगाळून ठेवा, पोटदुखीला चालंल.' आमच्या शहापुरात अनोळखी बी दिसली की आधी उगाळतात आणि मग कशाची ते विचारतात. मी पदराआड लपवून माडीवर नेली. जुन्या काचेच्या बरणीत काठोकाठ पाणी भरलं आणि तोंडावर बी बसवली, टोक खाली. मूळ टोकातूनच येणार, दुसरं कुठून? मातीत पुरली असती तर आत काय चाललंय ते मला दिसलं नसतं.

४ जुलै

जेलची भेट. महिन्यातून एकदा, घरचं एकच माणूस. गेल्या वर्षी वैशाखात आमचं लग्न झालं आणि भाद्रपदात यांना पकडून नेलं. शाळेत शिकवत होते, चळवळीची पत्रकं वाटली म्हणून. ओळख नीट व्हायच्या आतच गेले म्हणायचं.

सासूबाई जात नाहीत. लेकाला जाळीआड बघणार नाही म्हणतात. पण दर खेपेला माझ्याजवळ निरोप असतो. 'उपेंद्रला सांग, सही कर म्हणावं. पुन्हा चळवळीत पडणार न्हाय एवढं लिहून दिलं की सोडत्यात. लई जण सुटून आले.' आज पायरी उतरेपर्यंत हेच.

जाळीसमोर उभी राहिले. यांना सही करायची नाही, तोंडावरच दिसतं. शेजारी यल्लाप्पा शिपाई कान लावून. काहीतरी बोलायला हवं म्हणून फळाचं सांगत सुटले. भाजीचं ऐकून हे मोठ्यानं हसले. एवढं हसताना मी यांना प्रथमच पाहिलं. पुढचा दात थोडा वाकडा आहे, तेही आजच कळलं.

घरी आल्या आल्या सासूबाईंनी विचारलं, 'सांगितलंस का?' मी म्हटलं, वेळ संपली.

मला हे घरी हवेत. रोज वाटतं. पण मान खाली घालून आलेले हवेत का, ते कळत नाही.

१९ जुलै

बी ढिम्म. पाणी बदललं.

१ ऑगस्ट

भेट. आल्या आल्या यांनी विचारलं, 'बी फुटली?' म्हटलं, नाही.

'टोक कुठं केलंस?'

'खाली.'

'उलटी करून बघ. मीही कधी पाहिलेली नाही, अंदाजच आहे. पण तुझं एक करून झालंय, आता दुसरं कर.'

यल्लाप्पा मध्येच म्हणाला, 'बाई, नारळागत आडवी ठेवा की.' तिघांची चांगली सभा भरली. आणि वेळ संपली!

परत येताना टांग्यात मला राग आला. बीची एवढी चौकशी, आणि मी जेवते का, झोपते का, कशी राहते, एक अक्षर नाही. बीवर कसला राग काढायचा, पण घरी येऊन पहिल्यांदा तिच्याकडे पाठ करून बसले. मग उठून उलटी केली.

२४ ऑगस्ट

चीर गेली! अगदी मधोमध, वरपासून खालपर्यंत. डोळा लावून पाहिलं, आत अंधार. सासूबाईंना वर बोलावलं. म्हणाल्या, 'कुजली गं ती, टाकून दे.' मला नाही वाटत.

५ सप्टेंबर

कुजली नव्हती. खालच्या रुंद बाजूनं पांढरं मूळ आलंय, उंदराच्या शेपटीसारखं. म्हणजे मी टोक खाली ठेवून इतके दिवस तिला डोक्यावर उभी केली होती!

भेटीत सांगितलं. यांना सगळं हवं. जाड किती, सरळ की वाकडं, बरणी उन्हात की सावलीत. जाळीवर बोट ठेवून मी लांबी दाखवली. 'बराकीतले सगळे विचारतात,' म्हणाले. निरोप आजही दिला नाही. आता खरं लिहायचं तर बीचं बोलत राहिलं की निरोपाला जागाच उरत नाही, म्हणूनच मी बोलते.

'काय म्हणाला?' सासूबाईंनी विचारलं. थकलेल्या दिसत होत्या. मी म्हटलं, विचार करतो म्हणाले. लगेच उठून त्यांनी देवापुढं साखर ठेवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

३ ऑक्टोबर

चिरेतून कोंब. तांबूस! हिरवा येईल असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो. भेटीत हे म्हणाले, 'फळ हिरवं, गर पिवळा, कोंब तांबडा — तुझ्या माहेरचं सगळं असंच का?' मी लाजले. यल्लाप्पा भिंतीकडे बघत राहिला, भला माणूस.

७ नोव्हेंबर

चार पानं आलीत. कुंडीत लावून मगच भेटीला गेले. किती सांगायचं ठरवलं होतं!

यल्लाप्पानंच आधी अडवलं. 'बाई, झाडाचं बोलायचं न्हाई असा हुकूम झालाय. नवीन साहेब म्हणत्यात, ही काहीतरी खुणेची भाषा हाय. मी सांगितलं हो, खरंच बी हाय म्हणून.'

हसावं की रडावं! मग यांनी विचारलं, 'तू कशी आहेस?'

एवढे महिने याच प्रश्नाची वाट बघितली होती. बरी आहे म्हटलं. एकटीला माडीवर करमत नाही म्हटलं. तुमच्या कपाटातली शास्त्राची पुस्तकं वाचायला काढलीत, तेही सांगितलं. हे ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, 'आई सही कर म्हणत असेल. तुला काय वाटतं?'

मला कधी कुणी असं विचारलेलं नाही. लग्न ठरवतानासुद्धा.

'नको,' म्हटलं.

'नक्की?'

'तुम्हाला करायची नाही ना? मग नको.'

यांचा चेहरा असा उजळला! बाहेर येऊन मी मात्र टांगेवाल्यासमोर रडले.

८ नोव्हेंबर

सासूबाईंना खरं सांगितलं. निरोप एकदाही दिला नव्हता हे, आणि सही नको असं मीच म्हटलं, हेही. आरडाओरडा करतील वाटलं होतं. भाजी निवडत होत्या, निवडतच राहिल्या. शेवटी म्हणाल्या, 'तू शिकलेली हाईस. तुला धीर हाय. मला न्हाय गं. पुढच्या खेपेला मीच जाते.'

५ डिसेंबर

सासूबाई नागुबाईंना सोबत घेऊन गेल्या, तिन्हीसांजेला आल्या. कपाळाला माती लागलेली. पडलात का विचारलं. पदरानं पुसून टाकली आणि न जेवता झोपल्या.

पाचवं पान उलगडतंय.

९ डिसेंबर

दार मीच उघडलं. हे उभे होते. सही करून आलेत.

'आईनं जाळीपलीकडं जमिनीला डोकं टेकून मला नमस्कार केला,' म्हणाले. 'आईनं. मला.'

मी नको म्हटलं होतं. तरीही यांना दारात बघून मला इतका आनंद झाला, की यांच्या तोंडाकडे बघायची छाती होईना.