सोनगीरच्या आबांचं मशीन

धुळे, १४ नोव्हेंबर १९८९

उद्या सोनगीरच्या आबांना कानाचं मशीन बसवायचं. आज त्यांची सून वेळ विचारायला आली, म्हणून तिच्याच बोलण्यावर मशीनचा आवाज वाढवायचा स्क्रू लावायला घेतला. म्हटलं, घरी बोलता तसं बोला. ती पुटपुटली, "आबा, जेवाले चला." मशीन माझ्या कानात, तरी नीट ऐकू येईना. जरा मोठ्याने म्हणा म्हटलं, तर मान हलवली. "सासूनी सांगेल व्हतं, आबासमोर आवाज चढाडानं नही."

सासू जाऊन सहा वर्षं झाली.

आबा मागे म्हणाले होते, सून एका शब्दाने विचारत नाही, म्हणून मीही बोलणं टाकलं.

स्क्रू शेवटपर्यंत फिरवला, तेव्हा हाक स्पष्ट आली. उद्या आबांनाही येईल. ती हाक रोजचीच होती हे सांगितलं, तर त्यांना घास उतरेल का?